स्पाचे सर्किट वावरात आखताना

बेल्जियममधले स्पा-फ्रँकोरशाँचे सर्किट टीव्हीवर कितीही वेळा पाहिले तरी अंगवळणी पडत नाही. कॅमेरा उंचावर असतो, म्हणून चढ सपाट दिसतो. चित्र सारखे बदलते, म्हणून कोणत्या वळणानंतर कोणते वळण येते ते डोक्यात बसत नाही. ते बसवायचे असेल तर सर्किट जमिनीवर आखावे आणि त्यावरून आधी पायी, मग सायकलने फिरावे. कोरडवाहू वावरात सोयाबीन निघाल्यावर हरभरा घ्यायचा नसेल तर दोन-अडीच एकरांचा तुकडा दिवाळीनंतर मोकळाच असतो. चार जण आणि दोन दिवस एवढ्यात काम होते.

माप ठरवताना घाई करू नका, कारण सगळी मजा त्यातच आहे. सर्किटची लांबी ७.००४ किलोमीटर. ते विसाव्या हिश्श्याने लहान केले की ३५० मीटर होते. आजची फॉर्म्युला वनची गाडी एक फेरी साधारण १ मिनिट ४५ सेकंदांत मारते, म्हणजे सरासरी वेग ताशी २४० किलोमीटर. याचा विसावा हिस्सा ताशी १२ किलोमीटर, म्हणजे साध्या सायकलचा वेग. विसाव्या मापावर आखलेले सर्किट तुम्ही सायकलने १ मिनिट ४५ सेकंदांत पार केले, तर घड्याळ गाडीच्या घड्याळाशी जुळते. गाडीला केमेलच्या सरळ रस्त्यावर जितके सेकंद लागतात तितकेच तुम्हालाही लागतात. दुसऱ्या कोणत्याही मापात हा मेळ इतका सोयीचा बसत नाही. दहाव्या हिश्श्याला आठ-दहा एकर लागतील आणि सायकल ताशी २४ ने दामटावी लागेल. पन्नासाव्याला रस्ता इतका अरुंद होतो की त्यावरून फक्त कोंबडी चालेल.

जागा आणि सामान

वावर सपाट हवे. स्पा डोंगरातले आहे म्हणून उताराचे बरड निवडायचा मोह होतो, तो टाळा. तिथले चढ-उतार वेगवेगळ्या दिशांना आहेत. तुमचा उतार एकाच दिशेला असणार. एक चढ जुळेल आणि बाकीचे सगळे उलटे होतील. उंचीची सोय आपण बांबूने करणार आहोत.

काळ्या जमिनीत भेगा पडायच्या आत आखणी करा. माघ उजाडला की भेगांत सायकलचे पुढचे चाक अडकते. तुरीचे किंवा पऱ्हाटीचे वावर नको: तिरपा कापलेला तुरीचा खुंट टायरमधून सरळ ट्यूबमध्ये जातो. सोयाबीनचे खुंट बारीक असतात. एकदा वखर फिरवून वर फळी मारली की सायकल चालण्यापुरती जमीन बसते.

सामान असे: ५० मीटरचा टेप, दीडशे तुराट्या, हातभर लांबीच्या, वीस बांबू, त्यातले पाच-सहा दहा फुटी आणि बाकीचे सहा फुटी, बाइंडिंग तार दोन किलो, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, १५ ते २० मीटर, जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या, आणि रेघ ओढायला भुकटी. भुकटी म्हणून चुन्याची फक्की सगळ्यांना आधी सुचते. पण नीट न विझलेला चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि आपली जमीन मुळातच चुनखडीची आहे, तिला आणखी चुना नको. रांगोळीची पांढरी भुकटी आणि विटांचा भुगा वापरा. दोन्ही कडा मिळून ७०० मीटर रेघ होते; एकूण ७५ किलो भुकटी धरा आणि एक गोणी हाताशी जादा ठेवा. पांढरे आणि लाल असे दोन रंग का हवेत ते पुढे येईल.

चौकटीने आखणी

उपग्रह नकाशावरून सर्किटचा आकार कागदावर अशा बेताने घ्या की १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर होईल. हा आकार एका साध्या कागदावर मावतो. त्यावर सेंटीमीटरच्या चौकटी पाडा. कागदावरची एक चौकट म्हणजे वावरातले ५ मीटर. भिंतीवर मोठे चित्र काढणारे पेंटर हीच रीत वापरतात.

वावरात पहिली सरळ रेघ धुऱ्याला समांतर धरा. दुसरी तिला काटकोनात हवी. ३ मीटर, ४ मीटर आणि ५ मीटरचा त्रिकोण तारेने ताणा, काटकोन मिळतो. इथे सुतळी वापरली की काम बिघडते. रात्री दव पडते, सुतळी ओली होऊन आखडते, उन्हात सैल पडते. सकाळी मारलेला काटकोन दुपारी काटकोन राहत नाही. शंभर मीटरच्या टोकाला अर्ध्या अंशाची चूक जवळजवळ ९० सेंटीमीटरची होते, म्हणजे तुमच्या रस्त्याच्या रुंदीपेक्षाही जास्त. म्हणून तारच घ्या.

दर ५ मीटरला तुराटी रोवून चौकटी पाडल्या की कागदावरची रेघ ज्या ज्या ठिकाणी चौकट ओलांडते, तिथे तिथे वावरात खूण करा. सरळ रस्त्यावर ५ मीटरला एक खूण पुरते. वळणावर प्रत्येक मीटरला हवी, नाहीतर गोलाई जाऊन कोपरा होतो आणि त्या वळणाचा स्वभावच मरतो. रस्त्याची रुंदी १२ मीटर धरली तर वावरात ६० सेंटीमीटर. मधल्या रेघेपासून दोन्हीकडे ३०-३० सेंटीमीटर सोडून कडा ओढा. चहाच्या जुन्या गाळणीतून किंवा तळाला भोके पाडलेल्या डब्यातून भुकटी सोडली की रेघ सारखी येते. मुठीने सोडली तर दुप्पट लागते.

लांबीची खात्री सायकलच्या चाकाने करा. मागच्या चाकाच्या एका आरीला चिंधी बांधा. चाक एक फेरा फिरवून जमिनीवर किती अंतर होते ते टेपने मोजा. २६ इंची टायर असेल तर साधारण २ मीटर ७ सेंटीमीटर भरते. या मापाने सर्किटच्या मधोमध सायकल हातात धरून चालवली तर १६९ फेरे व्हायला हवेत. १६५ च्या खाली भरले तर कुठेतरी वळण छाटले गेले आहे. बहुतेक वेळा ते ले कोंब किंवा शेवटचे बस स्टॉप असते, कारण तिथे डावे-उजवे लागोपाठ येते आणि खुणा कमी पडतात. सायकलवर बसून मोजू नका, चाक लचकते आणि दोन-तीन फेऱ्यांचा फरक पडतो.

पांढरा भाग आणि लाल भाग

आता दोन रंगांचे काम. स्पा कोणी एका बैठकीत कागदावर आखले नाही. फ्रँकोरशाँ, मालमेदी आणि स्टाव्हलो या तीन गावांना जोडणारे रस्ते आधीच होते. १९२० मध्ये ज्यूल द थिए नावाच्या वृत्तपत्राच्या मालकाने आणि आन्री लांग्ल्वा व्हान ओफेम याने त्या रस्त्यांचा त्रिकोण शर्यतीसाठी निवडला. लांबी १५ किलोमीटरच्या आसपास होती. मालमेदी त्याच वर्षी जर्मनीकडून बेल्जियमकडे आले होते. ओ रूज ओढ्याजवळ जुने जकात नाके होते, आणि त्या नाक्याशी वळणारा रस्ताच सर्किटचे एक वळण झाला. १९२१ मध्ये मोटारींची शर्यत ठरली, पण नाव एकच आले. म्हणून त्या वर्षी मोटारसायकलीच धावल्या. १९२४ पासून चोवीस तासांची शर्यत आणि १९२५ मध्ये पहिली बेल्जियन ग्राँप्री. ती अंतोनिओ आस्कारीने अल्फा रोमिओत जिंकली, सुमारे ८०० किलोमीटर, साडेसहा तासांहून जास्त.

१९३९ मध्ये जकात नाक्याचे ते आखूड वळण टाळून ओढ्यावरून थेट वर चढणारा रस्ता काढला, तो रेदियों. मग १९७९ मध्ये सर्किट निम्म्याने कापले. ले कोंबपासून स्टाव्हलोच्या वळणापर्यंतचा नवा तुकडा दरीतून काढून जुन्या रस्त्याला जोडला. म्हणून तुमच्या वावरात ला सूर्स या पहिल्या वळणापासून ले कोंबपर्यंतच्या कडा पांढऱ्या ओढा, ले कोंबपासून स्टाव्हलोपर्यंतच्या विटांच्या भुग्याने लाल, आणि तिथून ब्लांशिमोंचे वळण ओलांडून बस स्टॉपपर्यंत पुन्हा पांढऱ्या. बस स्टॉपचे आखूड उजवे-डावे वळण नंतर घातलेले आहे, तेवढे लाल करा.

हे रंग पाहिल्याशिवाय स्पाचा स्वभाव उलगडत नाही. पांढरा भाग गावच्या रस्त्याचा आहे: लांब, सरळसोट, डोंगराच्या कडेने वळणारा. तिथे शर्यतीची गाडी क्वचितच ब्रेक मारते. लाल भाग शर्यतीसाठी आखलेला: ले कोंबचे उजवे-डावे, मग मालमेदी नावाचे वळण, मग ब्रुसेल हे उतरते, लांबलचक उजवे वळण, ज्यात बाहेरचे पुढचे चाक झिजत राहते. तरीही लाल भागातले पूओं हे दुहेरी डावे वळण सर्वांत देखणे, असे आमचे मत आहे. उतारावरून वेगात शिरायचे आणि वेग न सोडता बाहेर निघायचे. कागदावर आखलेल्या वळणाला जुन्या रस्त्याची धार क्वचितच येते, इथे ती आली आहे.

उंचीचे बांबू

सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या जागेत सुमारे १०० मीटरचा फरक आहे. विसाव्या मापाने तो ५ मीटर होईल, तेवढे बांबू उभारणे अवघड. उंचीला पन्नासावा हिस्सा घ्या, म्हणजे २ मीटर. लक्षात ठेवा, आता आडवे माप एक आणि उभे दुसरे. म्हणून बांबूंवर दिसणारा चढ खऱ्यापेक्षा बराच सौम्य असेल.

उपग्रह नकाशावर बोट ठेवून वीस ठिकाणांची उंची लिहून घ्या. सर्वांत खालची उंची सगळ्यांतून वजा करा आणि उरलेल्याला ५० ने भागा. खालची जागा स्टाव्हलोजवळ येईल, वरची ले कोंबजवळ. तशी आली नाही तर खुणा चुकल्या आहेत. ओ रूजच्या ओढ्यापासून रेदियोंच्या माथ्यापर्यंत सुमारे ४० मीटरचा चढ यायला हवा. उपग्रहाच्या उंचीत आजूबाजूची झाडे आणि उताराची सरासरी मिसळते, त्यामुळे तिथे कमी आकडा मिळतो. मिळाला तर माथ्याची उंची जशीच्या तशी ठेवा आणि ओढ्याकडचा बांबू खाली आणून फरक ८० सेंटीमीटरचा करा.

सपाट दिसणारे वावरही शंभर मीटरला अर्धा-पाऊण मीटर ढळलेले असते. म्हणून चिंध्या जमिनीपासून मोजून बांधायच्या नाहीत. एका बांबूवर शून्याची खूण करा, वावरातल्या सर्वांत उंच जमिनीपेक्षा एक वीतभर वर. लेव्हलच्या नळीत पाणी भरा, त्यात थोडी नीळ टाका म्हणजे ते लांबून दिसते. नळीचे एक टोक पहिल्या बांबूला, दुसरे पुढच्या बांबूला. पाणी थांबले की शून्याची खूण पुढे गेली. असे वीसही बांबू. मग शून्याच्या वर मोजून लाल चिंधी बांधा. नळीत बुडबुडा राहिला तर दोन्हीकडची पातळी खोटी येते. नळी आधी जमिनीवर पूर्ण पसरा, एका टोकाने पाणी ओतत राहा, दुसरीकडून अखंड धार आली की अंगठ्याने बंद करा. वीसाव्या बांबूवरून परत पहिल्यावर या. खूण बोटभरापेक्षा जास्त चुकली तर मधे कुठेतरी बुडबुडा होता.

झाल्यावर धुऱ्यावर जाऊन उभे राहा. चिंध्यांची रांग ला सूर्सकडून ओ रूजकडे उतरते, रेदियोंला झटक्यात वर जाते, ले कोंबपर्यंत चढतच राहते, मग पूओंवरून स्टाव्हलोपर्यंत घसरते आणि ब्लांशिमोंकडे हळूहळू परत चढू लागते. टीव्हीवर हे असे एका नजरेत कधीच दिसत नाही.

रेदियोंची खरी अडचण मात्र चिंध्यांत दिसत नाही. त्यासाठी पांदणीवर जिथे नाल्यातून रस्ता एकदम वर चढतो तिथे जा आणि नाल्याच्या तळाशी उकिडवे बसा, कारण ड्रायव्हरची नजर जमिनीपासून तेवढीच उंच असते. समोर फक्त चढ आणि आभाळ दिसेल. माथ्यापलीकडे गाडी आडवी झाली आहे की रस्ता मोकळा आहे, हे वर पोचेपर्यंत कळत नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी फॉर्म्युला टूच्या शर्यतीत तरुण ड्रायव्हर अँत्वान ह्युबेअरचा जीव याच माथ्यापाशी गेला. २०२२ मध्ये तिथली मोकळी जागा वाढवली आणि खडीही टाकली.

सायकलवरची फेरी

चिंधीच्या चाकाला पुठ्ठ्याची पट्टी लावा, म्हणजे दर फेऱ्याला टक असा आवाज होतो. सेकंदाला दोन टक म्हणजे सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर, गाडीचा ३००. ला सूर्सला गाडी ताशी ८० च्या आसपास येते, तिथे दोन सेकंदांना एक टक. सायकल पडू न देता इतकी हळू वळवणे हीच तिथली परीक्षा. केमेलच्या टोकाला सेकंदाला दोनाहून थोडे जास्त, मग ले कोंबच्या आधी शंभर मीटर म्हणजे वावरातले ५ मीटर राहिले की ब्रेक. ब्लांशिमोंला टकटक मंदावता कामा नये.

पहिल्या फेऱ्या सव्वादोन मिनिटांच्या होतील, कारण लाल भागात सगळे गरजेपेक्षा जास्त थांबतात. तिथे वेळ सुधारते. सरळ रस्त्यावर जोर मारून १ मिनिट ४५ सेकंद गाठले तर हिशेब जुळतो पण शिकणे होत नाही. म्हणून दुसऱ्याने ले कोंब आणि स्टाव्हलो अशा दोन ठिकाणी उभे राहून मधले सेकंद लिहावेत. पूर्ण शर्यत ४४ फेऱ्यांची, म्हणजे वावरातले १५ किलोमीटर आणि सुमारे सव्वा तास. १९२५ च्या आस्कारीचा वेग ताशी १२० च्या आसपास होता. त्याचा विसावा हिस्सा ताशी ६, म्हणजे झपाझप चालणे. ती फेरी पायीच करा.

एक गोष्ट या खेळात मुळीच कळत नाही. वेग आणि वळण दोन्ही विसाव्याने लहान केले की वळणात अंगावर येणारा रेटाही विसावाच उरतो. पूओंला ड्रायव्हरच्या मानेवर जो भार येतो तो सायकलवर जाणवत नाही. तो अनुभवायला म्हणून कोणी या ६० सेंटीमीटरच्या पट्टीवर मोटारसायकल घालू नये; तसा रेटा यायला ताशी ६५-७० लागतात आणि वखरलेल्या मातीत तेवढ्यात चाक निसटते.

जुने सर्किट रस्त्यावर

१४ किलोमीटरचे जुने सर्किट वावरात मावत नाही. त्यासाठी तुमच्या गावापासून दोन शेजारच्या गावांवरून परत येणारा, मोटारसायकलच्या मीटरवर १४.१ किलोमीटर भरणारा त्रिकोण शोधा. ताशी ४० ने, रहदारी सांभाळून, एकदा फिरा: २१ मिनिटे लागतील. पुलांचे कठडे, विजेचे खांब, कडेची बाभळी, घरांचे ओटे मोजत चला. १९७० मध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ख्रिस एमन याने एवढेच अंतर ३ मिनिटे २७.४ सेकंदांत कापले, आणि त्याच्या रस्त्याकडेलाही खांब आणि घरेच होती. ती शर्यत पेद्रो रोद्रिगेसने बीआरएममधून जिंकली. जुन्या रस्त्यावरची फॉर्म्युला वनची ती शेवटची.

बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, तसा तिथला पाऊस. सर्किट लांब आणि डोंगरात, त्यामुळे एका टोकाला पाणी तर दुसऱ्या टोकाला धूळ. १९६६ ला कोरड्यात निघालेल्या गाड्या पहिल्याच फेरीत जुन्या सर्किटवरच्या बुर्नेनव्हिलच्या पावसात शिरल्या. ड्रायव्हर जॅकी स्ट्युअर्टची गाडी मास्ताच्या वळणाजवळ रस्त्याबाहेर गेली आणि तो पेट्रोलने भिजत आत अडकला. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरांट या दुसऱ्या ड्रायव्हरांनी प्रेक्षकांकडून पाना मागून स्टिअरिंग काढले तेव्हा तो सुटला. त्यानंतर तो गाडीत पाना चिकटवून ठेवू लागला आणि सुरक्षिततेसाठी आयुष्यभर भांडला. त्याआधी १९६० च्या एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी या ड्रायव्हरांचे जीव गेले होते. १९७९ ची कात्री या सगळ्यामुळे लागली. फॉर्म्युला वन १९८३ मध्ये नव्या स्पावर परतली.

नवे म्हणजे निर्धोक असेही नाही. १९८५ मध्ये शर्यतीच्या थोडे आधी टाकलेले डांबर उन्हात सुटून उखडले, जूनची शर्यत रद्द होऊन सप्टेंबरला घ्यावी लागली; ती आयर्टन सेन्नाने जिंकली. नव्या डांबरी रस्त्यावरून आठवडाभरात भरलेली उसाची किंवा कापसाची ट्रॉली नेली की चाकोरी का पडते, त्याचे कारण हेच: डांबर बसायला दिवस लागतात.

काम संपल्यावर

रांगोळी आणि विटांचा भुगा पहिल्या वखरणीत मिसळून जातो, त्याची काळजी नको. तुराट्या मोजून काढा. दीडशे रोवल्या तर दीडशे. बाइंडिंग तारेचा एकही तुकडा वावरात राहू देऊ नका. तो कुटारात गेला आणि गाईने गिळला तर पोटात रुतून जनावर जाते. तार गुंडाळून झाली की चौकटीच्या प्रत्येक ओळीतून एकदा अनवाणी नव्हे, चपला घालून, जमिनीकडे पाहत चाला.